हिश्श्याच्या विमानावर नोकरी : सही करण्याआधी काय पाहावे

तुमसरहून फोन आला तेव्हा रमजानला तीन आठवडे होते. फोन करणारे आमचे जुने वाचक, राईस मिलमध्ये हिशेब पाहतात. म्हणाले, "मुलाला नोकरीची दोन पत्रे आली आहेत. दोन्ही विमानाची. सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय आणि घरात कुणालाच काही कळत नाही. तुम्ही या, बसून वाचू."

विमानातले आम्हालाही फारसे कळत नव्हते. पण करार वाचता येतो आणि प्रश्न विचारायची लाज वाटत नाही, एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो. जाताना नागपूरच्या एका साहेबांना बरोबर घेतले. ते वायुसेनेतून निवृत्त झाले आणि नंतर काही वर्षे त्यांनी खासगी जेट उडवले. त्या दुपारी तुमसरच्या बैठकीत जे बोलणे झाले ते इथे देत आहोत, कारण असे फोन आता आणखी येणार आहेत.

येणार आहेत, कारण पायलट होण्याची वाट आपल्या दारावरून जाते. गोंदिया 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. तिथली बिरसीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली. प्रफुल्ल पटेल 2004 ते 2011 या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळत होते, तेव्हा तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांची पायलट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. कामठ्याच्या बाजूला दिवसभर छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात ती तिथली. मार्च 2022 मध्ये बिरसीहून प्रवासी विमानही सुरू झाले, ते काही महिन्यांत बंद पडले, मग डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या कंपनीचे आले. मुलांनी डोक्यावरून जाणारे विमान रोज पाहिले की त्यातल्या एखाद्याला ते उडवावेसे वाटणारच.

हा मुलगा त्यातलाच. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, मग डीजीसीएच्या परीक्षा, क्लास वन मेडिकल, 200 तासांचे उड्डाण आणि हातात कमर्शियल लायसन्स. खर्च पन्नास लाखांच्या पुढे गेला. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे वडिलांनी ठरवले होते, म्हणून पवनीकडची शेती गेली, आजीचे दागिने गेले आणि मामाने पाच वर्षांच्या बोलीवर कर्जे हसना दिली. लायसन्स हातात आल्यावर दीड वर्ष काहीच घडले नाही. विमान कंपन्यांच्या भरतीला हजारो मुले, जागा थोड्या. या दीड वर्षात मुलगा गोंदियात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होता. त्यानंतर ही दोन पत्रे आली. उशीर आणि उधारी या दोन्हींचा भार असा की घरातल्या प्रत्येकाला वाटत होते, कोणत्याही पत्रावर सही करून टाकावी.

पत्रे मोठ्या प्रवासी कंपन्यांची नव्हती. दोन्ही खासगी जेट चालवणाऱ्या कंपन्या होत्या आणि त्यातली एक विमानाचे हिस्से विकणारी होती. हिस्से म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागले. साहेबांनी शेतीच्या भाषेत सांगितले. एका माणसाला अख्खा ट्रॅक्टर परवडत नाही, वर्षात तो लागतोही थोडे दिवस. मग आठ-दहा जण मिळून घेतात, प्रत्येकाचे दिवस ठरतात, आणि ट्रॅक्टर सांभाळणे, ड्रायव्हर ठेवणे, डिझेल भरणे हे एका माणसाकडे देतात. विमानात हा सांभाळणारा माणूस म्हणजे कंपनी. हिस्सेदार उद्योगपती, डॉक्टर, बिल्डर. ड्रायव्हर म्हणजे आपला मुलगा.

ही पद्धत अमेरिकेतली. 1964 साली सुरू झालेल्या एका जेट कंपनीने 1986 मध्ये हिस्से विकायला सुरुवात केली. तीच आजची नेटजेट्स. 1998 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती विकत घेतली. तिथे सोळावा हिस्सा घेतला तर वर्षाला साधारण 50 तास उड्डाण मिळते. तुमचे ठरावीक विमान दुरुस्तीला असेल तर त्याच जातीचे दुसरे येते. फ्लेक्सजेट 1995 ची. प्लेनसेन्सही त्याच वर्षीची, ती पिलाटस जातीची छोटी विमाने चालवते. अमेरिकेचे पायलट या तिघांतून निवड करतात तेव्हा ते काय तोलतात, हे साहेबांना चांगले ठाऊक होते, कारण त्यांचा पुतण्या तिकडे याच धंद्यात आहे. आपल्या मुलांना तिथे थेट नोकरी मिळत नाही, काम करण्याचा कायदेशीर हक्क आधी लागतो. पण तोलण्याची रीत घेता येते.

पहिली गोष्ट घरची. नेटजेट्सची सगळ्यात माहीत असलेली पद्धत म्हणजे सात दिवस काम, सात दिवस घर. पायलट आपल्या गावाजवळच्या विमानतळावरून निघतो, कंपनी त्याला तिकीट काढून विमान असेल तिथे पोचवते, आठव्या दिवशी तो घरी. त्या सात सुट्टीच्या दिवसांत फोन वाजत नाही. फ्लेक्सजेटने काही विमानांना ठरावीक पायलट नेमून दिले, म्हणजे तेच विमान, तीच माणसे. काहींना ते आवडते, काहींना वेगवेगळ्या साथीदारांबरोबर उडायला आवडते. नेटजेट्सच्या पायलटांची स्वतःची संघटना आहे आणि पगार, सुट्ट्या तिच्याशी बोलून ठरतात. फ्लेक्सजेटमध्ये 2015 मध्ये पायलटांनी मतदान करून संघटना आणली आणि 2018 मध्ये पुन्हा मतदान करून काढली. दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतात.

आता आपली पत्रे. पहिल्या पत्रात रोस्टरबद्दल एकच ओळ होती: 'कंपनीच्या गरजेनुसार'. दुसऱ्यात वीस दिवस काम, दहा दिवस घर. अम्मीने पहिल्या पत्रावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे ईदला येईल की नाही?" आम्ही हसलो, पण साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बहिणीजी, अगदी बरोबर प्रश्न आहे. प्रवासी कंपनीचं वेळापत्रक महिन्याआधी लागतं. इथे मालक रात्री अकराला म्हणतो, सकाळी सहाला सुरत. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका." साकोलीच्या मैदानावर प्रचाराच्या दिवसांत उतरणारी हेलिकॉप्टरे सगळ्यांनी पाहिली होती. ती चालवणाऱ्याला शेवटची झोप कधी मिळाली, हा विचार आमच्याही मनात पूर्वी आला नव्हता.

झोपेचा प्रश्न नुसता आरामाचा नाही. 17 ऑगस्ट 2023 ला नागपूर विमानतळावर पुण्याला विमान घेऊन निघालेला एक चाळिशीचा पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. त्याला आधी पुरेशी विश्रांती मिळाली होती असे कंपनीने सांगितले; तरी पायलटांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर थांबली नाही. पुढे डीजीसीएने प्रवासी कंपन्यांसाठी आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली, ती जुलै 2025 पासून. वेळापत्रक नसलेल्या खासगी चालकांचा कारभार त्याहून वेगळा चालतो. म्हणून पत्र देणाऱ्याला लेखी विचारावे: तुमच्या पायलटांना विश्रांतीचे कोणते नियम लागू आहेत, आणि घरी असताना 'तयार राहा' असे सांगितलेले तास कशात मोजता? ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याच्याकडे थकलेला माणूसच विमान उडवत असणार, असे आम्ही धरून चालतो.

बाँड

पहिल्या पत्राची खरी अडचण चौथ्या पानावर होती. कंपनी मुलाला जेटचे टाइप रेटिंग करून देणार, म्हणजे त्या जातीचे विमान उडवण्याचे खास प्रशिक्षण. त्याला पंधरा-वीस लाख सहज लागतात. बदल्यात तीन वर्षांचा बाँड, मध्ये सोडले तर अठरा लाख, आणि हमी म्हणून सही केलेले पाच कोरे धनादेश. शिवाय मूळ प्रमाणपत्रे आणि पासपोर्ट 'कंपनीच्या ताब्यात'. दुसऱ्या पत्रात बाँड नव्हता, पण टाइप रेटिंगचा खर्च मुलाने करायचा.

मामा म्हणाले, "बाँडला कोर्टात काही किंमत नसते, सही कर." हे सर्रास बोलले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी वाजवी भरपाईच मिळते. पण बाँड म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षे आणि दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. आणि कोरा धनादेश म्हणजे कोर्टात जाण्याआधीच समोरच्याच्या हाती दिलेली काठी. तो वटला नाही तर कलम 138 चा फौजदारी खटला आपल्या अंगावर. पासपोर्टचे तर सरळ आहे: खासगी मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही, ती सरकारची मालमत्ता आहे. पाहायला मागावा, प्रत ठेवावी, परत द्यावा.

इथे वडिलांनी एक गोष्ट सांगितली, जी वकिलाने सांगितली नसती. सूरह बकरहमधली सगळ्यात लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे: लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी. "मी मिलमध्ये तीस वर्षं हिशेब लिहितो," ते म्हणाले, "कोरा कागद म्हणजे लिहिलेला व्यवहार नव्हे. त्यात काय लिहायचं हे दुसरा ठरवणार." पाच धनादेशांबद्दल यापेक्षा नेमके आम्हाला काही सुचले नसते.

मुलाने मग त्या रात्रीच कंपनीला पत्र लिहिले. बाँड मान्य, पण रक्कम दर महिन्याला कमी होत गेली पाहिजे. म्हणजे अठरा महिने काम केले तर नऊ लाखच उरले पाहिजेत. कंपनीने स्वतः काढले किंवा पगार साठ दिवस थकला तर बाँड संपला पाहिजे. धनादेश कोरे नाहीत, तारीख आणि रकमेसह एकच. प्रशिक्षणाचा खरा खर्च किती, त्याची पावती दाखवावी. यात उद्धटपणा काही नाही. ज्या कंपनीने खरोखर पैसे खर्च केले आहेत तिला पावती दाखवायला अडचण नसते.

तास आणि तोंड

दोन्ही पत्रांत पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. साहेबांनी त्याकडे पाहिलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "वर्षाला किती तास उडणार?" कॅप्टन होण्यासाठीच्या मोठ्या लायसन्सला 1500 तास लागतात. प्रवासी कंपनीत वर्षाला 700-800 तास भरतात, कायद्याची मर्यादा 1000 ची. खासगी जेटवर त्याच्या निम्मे भरतील याचीही खात्री नसते. मालकाचा धंदा मंदावला की विमान हँगरमध्ये आणि पायलट हॉटेलमध्ये. हिश्श्याच्या कंपनीत एका विमानामागे अनेक मालक, म्हणून तास बरे भरण्याची शक्यता. या एका बाबतीत पहिले पत्र वरचढ होते, आणि ते आम्ही वडिलांना स्पष्ट सांगितले. पण तोंडी आश्वासन नको. कंपनीकडे किती विमाने, किती पायलट, गेल्या वर्षी एका को-पायलटने किती तास उडवले, हे तिथल्या सध्याच्या पायलटाला फोन करून विचारायचे. मुलाने दोघांना गाठले. एकाने 310 सांगितले, दुसऱ्याने 290. पत्रात 'अंदाजे 500' होते.

मग साहेबांनी जे विचारले ते आम्ही विसरणार नाही. "नाही म्हणता येतं का?"

14 सप्टेंबर 2023 ला मुंबईच्या धावपट्टीवर मुसळधार पावसात एक लिअरजेट 45 कोसळले. विशाखापट्टणमहून आले होते, आत आठ जण, अल्लाहच्या कृपेने सगळे वाचले. त्या विमानात नेमके काय झाले यावर आम्ही बोलणार नाही. पण पाऊस असो वा धुके, खासगी जेटमध्ये पायलटाच्या मागच्याच सीटवर विमानाचा मालक बसलेला असतो आणि त्याला लग्नाला वेळेवर पोचायचे असते. प्रवासी विमानात 180 जण चिडले तरी दार बंद असते. इथे मालकाचा हात खांद्यावर पडतो. पायलटाने हवामानामुळे उड्डाण नाकारले तर कंपनी काय करते? मागच्या वर्षी कुणी नाकारले, आणि तो अजून नोकरीत आहे का? बिरसीला शिकलेल्या मुलांना याचे गांभीर्य सांगावे लागत नाही. मार्च 2023 मध्ये तिथून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडले, प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. आमच्या या मुलाने त्या मुलीला मेसमध्ये पाहिले होते. त्या दुपारी तो बराच वेळ काही बोलला नाही.

बाटलीचा प्रश्न

अब्बांनी जो प्रश्न शेवटपर्यंत मागे ठेवला होता तो चहानंतर निघाला. मोठ्या विमानात पायलटाचा आणि दारूचा संबंध येत नाही. छोट्या जेटमध्ये एअर होस्टेस नसते. बॅगा चढवणे, जेवणाचे डबे घेणे, केबिन पुसणे, बर्फ आणि बाटल्या मोजून ठेवणे ही कामे दोन पायलटांची, आणि त्यातली बरीचशी को-पायलटाची. पुसण्याझाडण्यात कमीपणा काही नाही. आमचे साहेब स्वतः स्क्वाड्रन लीडर होते आणि नंतर त्यांनी जेटचे शौचालयही साफ केले. पण हदीसमध्ये दारू पिणाऱ्याबरोबर ती वाहून नेणारा आणि वाढणाराही धरला आहे, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते.

मुलगा म्हणाला, "अब्बा, मी विचारलंय. दुसऱ्या कंपनीत केटरिंगचं काम जमिनीवरचा माणूस करतो. पहिलीत को-पायलट करतो." वडील गप्प राहिले. आम्ही फतवा देण्याच्या जागी नाही. तुमसरच्या मौलानांना विचारावे असे सुचवले, आणि दुसरे असे की कंपनीलाही सरळ विचारावे. पुष्कळ ठिकाणी असे काम आपसात वाटून घेता येते: मी बॅगा आणि सफाई सगळी करीन, बारचा कप्पा तू पाहा. साहेबांनी सांगितले की त्यांच्या वेळी एक शुद्ध शाकाहारी जैन सहकारी मांसाहारी डबे हाताळत नसे, आणि कुणाचे काही बिघडले नाही. न विचारता गेले तर पहिल्याच दिवशी तीस हजार फुटांवर वाद होतो.

नमाज-रोजाचे त्यामानाने सोपे. ड्युटीचे दिवस हे सफरचे दिवस, कसरची सवलत आहे. रोज्याचेही तसेच, राहिलेले नंतर पूर्ण करता येतात. विमान उडवताना उपाशी-तहानलेले असू नये असा काही कंपन्यांचा नियमच असतो आणि तो मागच्या सीटवरच्या जिवांसाठी आहे. अम्मीला मात्र एक गोष्ट नवीन होती. उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते, आणि त्यात अल्कोहोल आढळले तर पहिल्याच वेळी तीन महिने लायसन्स निलंबित. दारू न पिणाऱ्या मुलाला काय भीती? माउथवॉशची. डीजीसीएने तो वापरायलाही मनाई केली आहे. अम्मी सर्दीसाठी होमिओपॅथीचे थेंब बॅगेत घालणार होत्या. तेही अल्कोहोलमध्येच केलेले असतात. बाटली लगेच कपाटात परत गेली.

कंपनी बुडण्याचे भय उरले. किंगफिशर 2012, जेट एअरवेज एप्रिल 2019, गो फर्स्ट मे 2023: मोठमोठ्या कंपन्या एका दिवसात थांबल्या. हिश्श्याच्या धंद्यातही ते झाले आहे. अमेरिकेतली अवान्टेअर 2013 मध्ये बंद पडली, कर्मचारी घरी आणि हिस्सेदार वकिलांकडे. अगदी नेटजेट्सनेही मंदीनंतर 2010 च्या सुरुवातीला जवळपास पाचशे पायलटांना घरी बसवले होते. बफेंची कंपनी असूनही. लहान कंपनीबद्दल निदान एवढे पाहता येते: उड्डाणाचा परवाना तिच्या स्वतःच्या नावावर आहे की दुसऱ्याच्या, विमाने तिची की भाड्याची, आणि सध्याच्या पायलटांचा पगार कोणत्या तारखेला होतो. तिसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी. पहिल्या कंपनीत सात तारखेला. दुसऱ्या कंपनीतल्या पायलटाने फोनवर थोडे थांबून सांगितले, "होतो. कधी दोन महिन्यांचा एकदम होतो."

म्हणजे एकीकडे बाँड, अनिश्चित रोस्टर आणि बाटल्या, पण वेळेवर पगार आणि टाइप रेटिंग फुकट. दुसरीकडे दहा दिवस घर आणि मोकळे हात, पण आणखी वीस लाख उभे करायचे आणि पगार रखडणार. मामांचे कर्ज फिटायचे आहे. आम्हाला विचारले तेव्हा आम्ही सांगितले की वीस लाख पुन्हा उभे करून रखडणाऱ्या पगाराकडे जाणे आम्हाला धोक्याचे वाटते. पहिल्या कंपनीने तीन अटी लेखी मानल्या तर तिकडे जावे, नाहीतर क्लासमध्ये आणखी सहा महिने शिकवावे आणि प्रवासी कंपनीच्या पुढच्या भरतीला बसावे. मामा आमच्यावर नाराज झाले. सहा महिने हा शब्द त्यांना महाग पडतो, आणि त्यांचे चुकत नाही.

निघताना साहेबांनी मुलाला नागपूरबद्दल सांगितले. मिहानमध्ये दसाँ आणि रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन 2000 या बिझनेस जेटचे भाग आधीपासून बनतात, आणि जून 2025 मध्ये अख्खे विमानच तिथे बांधण्याची घोषणा झाली, पहिले 2028 पर्यंत. भंडाऱ्याहून तासाभराच्या रस्त्यावर. मुलाने फक्त मान हलवली, त्याचे लक्ष फोनकडे होते.

सोमवारी कंपनीचे उत्तर आले. रक्कम महिन्यागणिक कमी करायला तयार. कोऱ्या धनादेशांऐवजी एक. पासपोर्ट परत देऊ. रोस्टरमध्ये महिन्याला आठ ठरलेल्या सुट्ट्या, ईदचे दोन दिवस 'शक्य झाल्यास'. प्रशिक्षणाच्या खर्चाची पावती दाखवणार नाहीत. बाटल्यांबद्दल उत्तर नव्हते. मुलाने रात्री इस्तिखाराची नमाज पढली आणि सकाळी कंपनीला फोन लावून शेवटच्या दोन गोष्टी पुन्हा विचारल्या. ऑपरेशन्स मॅनेजरने बाटल्यांचे ऐकून घेतले, म्हणाला, त्याचं बघू, तसा अजून एक मुलगा आहे आमच्याकडे, त्याच्याबरोबर कप्प्याचं काम लावून देतो. पावतीचे मात्र पुन्हा टाळले.

हा अंक छापायला गेला तेव्हा पत्रावर सही झालेली नव्हती. मुदत शुक्रवारपर्यंत वाढवून मिळाली आहे, आणि वडील भंडाऱ्याला एका वकिलाकडे चौथे पान घेऊन गेले आहेत.